तिसऱ्या, भाग दुसरा

चौतीस वर्षांनी नाबर वेंगुर्ल्याला परत आला,
कानात यंत्र, हातात काठी,
आणि बंदरावर उभा राहून म्हणाला, "भाग दुसरा."
गजा कुबलला वाटलं, जमिनीच्या मोजणीचं बोलतोय.

दर गणपतीत त्याचं पत्र यायचं: पुढच्या वर्षी नक्की.
आम्ही देवाला जे म्हणायचो
ते नाबर आम्हाला म्हणायचा.

पहिल्या वेळी आम्ही चौघे होतो.
बॅण्डचं नाव तिसऱ्या,
कारण त्या दुपारी अंतोनच्या आईने तिसऱ्यांचं सुकं केलं होतं
आणि नाबरला नाव लगेच हवं होतं.
वाजवता एकालाही येत नव्हतं.
खोटा बॅण्ड, खोटे दौरे, खोटी भांडणं,
आणि सगळं कॅमेऱ्यासमोर खरं म्हणून सांगायचं, न हसता.
मी ड्रमवाला:
बर्फाच्या कारखान्यातले तीन डबे, झांज म्हणून टोपाचं झाकण.
गाणारा भालू रेडकर,
दशावतारातल्या कुठल्याशा राजाचा जरीचा अंगरखा मागून आणून घातलेला.
अंतोन गिटार उलटी धरून बोलला होता,
"जपानात आमका ऐकान लोक रडतत."
तेव्हा तो सावंतवाडीच्या पुढे गेला नव्हता.

सिनेमा मुंबईत चार दिवस चालला.
मग कुणीतरी कॅसेट आणली, तिची कॉपी, कॉपीची कॉपी,
चित्र पुसत गेलं तसतसे आम्ही खरे होत गेलो.
शिरोड्याच्या बाजारात एक गृहस्थ भेटले.
शपथेवर सांगत होते,
कुडाळच्या मैदानात आम्हाला ऐकलंय,
वीज गेली तरी कुणी जागचं उठलं नाही.
मी म्हटलं, हो, कंदील खूप होते.
काय करणार?
इतक्या मायेने आठवत होते.

नगरपरिषदेत परवानगीचा अर्ज दिला.
कारकुनाने चष्मा वर केला,
"तिसऱ्यांचो दुसरो? मगे पयलो खंय आसा?"

भालू नाही आता.
नाबर थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिला,
मग म्हणाला, त्याला आपण दौऱ्यावर दाखवू.
भालूच्या बायकोने अंगरखा आणून दिला,
डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा.
त्या राजाला तो कधी परत मिळालाच नव्हता.

पहिला शॉट. जेटी, ओहोटी, मागे जाळी सुकताहेत.
अंतोनने गिटार सरळ धरली
आणि वाजवली.
मासे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.
जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याने दातांतला दोरा सोडला.
मला नवल वाटलं नाही. कारखान्याची किल्ली माझ्याकडे असायची.
रात्री कॉम्प्रेसर घरघरत असला की बाहेर काही ऐकू जात नाही,
हे त्याला मीच सांगितलं होतं.
त्याची बोटं गारठायची. मी चहा ठेवायचो.
घरी सांगायचो, ओव्हरटाइम.

"कट," नाबर म्हणाला. "अंतोन, असं नको.
हे खरं वाटतंय."
अंतोन बराच वेळ तारांकडे बघत होता.
"मगे चौतीस वर्सां मी काय करूक होया होता?"

नाबरने यंत्र कानातून काढलं, पुसलं, परत घातलं.
उत्तर त्याच्याकडे नव्हतं. लोक पैसे देणार होते हसायला.

मग अंतोन चुकायला शिकला, त्या एका दुपारीत.
अकरा वेळा घेतलं.
बोट आपसूक सुरावर यायचं, तो ते उचलायचा,
बाजूला ठेवायचा,
झोपलेल्या पोराचा हात अंगावरून काढावा तसं.
मी डब्यांवर ताल सोडत होतो.
मला त्यासाठी काही करावं लागलं नाही.

संध्याकाळी गर्दीत शिरोड्याचे गृहस्थ दिसले.
मुद्दाम एसटी पकडून आले होते, नातवाला घेऊन.
शेवटपर्यंत ऐकलं, मग जवळ आले,
आवाज खाली करून म्हणाले,
"रागाव नकात, पण पयल्यासारख्या नाय आता.
कुडाळाक काय वाजवललास!"

अंतोनने गिटार पोत्यात घातली,
तोंड सुतळीने बांधलं.
"वय झाला," म्हणाला.